आक्का, पाहुणीचा चुडा तू भरलास

ती. आक्का,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवेल. निघताना पाया पडलो होतो, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. भावकीतल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

ताईच्या लग्नाला नेदरलँड्सहून माझे घरमालक, त्यांची बायको आणि दोन मुलं आली. आइंडहोवनला मी नवा असताना तापानं फणफणलो होतो, तेव्हा या बाईनं आठवडाभर जिना चढून मला गरम सूप आणून दिलं होतं. म्हणून अगत्यानं बोलावलं. पण सोलापूर स्टेशनवर वंदे भारतमधून उतरून गाडी मंगळवेढ्याकडं निघाली, तशी माझी धाकधूक वाढली. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत त्याची सरकारी नोंद करायची असते, ती केली. गाद्या, मच्छरदाण्या, पाण्याचे जार, सगळं झालं होतं. पण लग्नघरात त्यांच्यापाशी बसणार कोण? तू न बोलावता आलीस.

हळद दळायला बायका जात्याभोवती बसल्या होत्या आणि ही पाहुणी लांब खुर्चीत. तू उठलीस, तिला मनगटाला धरून आणलंस, खुंटा तिच्या मुठीत दिलास नि वरून आपला हात ठेवलास. इंग्रजीचा एक शब्द येत नसताना तिथल्या तिथं ओवी जुळवलीस:

सातासमुद्रापल्याड हिचं माहेर लांब लांब,
दळू लागली गं बाई, माझ्या मांडवाचा खांब.

मी अर्थ सांगितला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

मग बांगड्या. कासारणीकडं दोन-आठच्या वर माप नव्हतं. “राहू द्या,” असं सगळेच म्हणाले. तू मात्र नातवाला मोटारसायकलवर मंगळवेढ्याला पिटाळलंस आणि दोन-दहाचा हिरवा चुडा आणवलास. तिची बोटं दाबत, फुंकर घालत एकेक बांगडी चढवलीस. एकही पिचली नाही.

वरातीच्या वेळी मात्र मला वाईट वाटलं. पोरं त्या दोन लेकरांना घेरून सेल्फी काढत होती, धाकटा रडकुंडीला आलेला. तू त्याला कडेवर घेतलंस नि म्हणालीस, “पाव्हणं हाईत ती, जत्रंतली न्हवं.” हे मी म्हणायला हवं होतं, आक्का. घरी नेऊन तू त्याला दूध-भाकरी कुस्करून भरवलीस. दोन दिवस काही न खाणारं पोर वाटी चाटून मोकळं झालं.

अक्षता टाकताना त्याच्या मुठीतली ज्वारी आधीच सांडत होती, ती तू “सावधान” होईपर्यंत धरून ठेवलीस. आपल्या सोलापुरात भोगीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नालाही माणसं अशाच अक्षता टाकतात, हे त्याच्या वडिलांना सांगितलं. तेव्हा त्यांनी खाली पडलेले चार दाणे उचलून पाकिटात ठेवले.

जाताना तू तिची खणा-नारळानं ओटी भरलीस. तो नारळ तिनं स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवलाय, अजून फोडलेला नाही. कधी फोडायचा, कशात घालायचा, हे तुलाच विचारायचंय म्हणते. रविवारी व्हिडिओ कॉल लावतो. तेवढं सांग.

तुझा,
शेजारचा लेक