विहिरींच्या खारेपणाची नोंद ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या रोजच्या 403 दशलक्ष लिटर पाण्यापैकी 185 दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याला आले आणि टंचाईची चर्चा बरीच मागे पडली. या पाण्याचे स्वागतच आहे. मात्र या योजनेला पाणी देणारे धामणी धरण मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी बांधले गेले होते, याचे भान आपण सुटू देऊ नये. त्या पाण्यावर विसंबून वसईच्या पश्चिम पट्ट्यातील विहिरी आणि बावखले (जुनी तळी) आता गरजेची राहिली नाहीत असे गृहीत धरले जात आहे, आणि त्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वसईच्या पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणेचे मुख आहे. अशा तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या भूमीच्या पोटात पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर अक्षरशः तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर त्याखाली सुमारे 40 फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की उपशामुळे वरची पातळी एक फुटाने उतरून तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने त्याच्या चाळीसपट वर सरकते. मे महिन्यात आमच्याकडच्या एखाद्या विहिरीवर दिवसभर मोटर चालवून पाहावी. सकाळी गोड लागणारे पाणी दुपारपर्यंत मचूळ होते, डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, आणि तेच पाणी वाडीला सोडले तर केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. रहाटाच्या काळात उपशाला बैलाच्या दमाची मर्यादा होती. बोअरवेल आणि टँकर आल्यावर ती उरली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभारले, त्यात टँकरसाठी होणारा हा बेसुमार उपसा हा एक कळीचा मुद्दा होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

एकदा भूजलात शिरलेले मीठ सहजासहजी निघत नाही. तुरटी आणि क्लोरीन यांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही, पाणी उकळले तर क्षार उलट अधिक दाट होतात, आणि घरोघरी बसवलेली आरओ यंत्रे थोडे पाणी गाळून देण्यासाठी बरेचसे मोरीत सोडतात. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोतच नसेल तर 1,000 पर्यंत सवलत आहे. पण आपल्या विहिरीचे पाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान नेमके कुठे आहे, हे सामान्य रहिवाशाला कोणी सांगत नाही. अनेक सोसायट्यांत नळाचे आणि बोअरवेलचे पाणी एकाच टाकीत पडते, त्यामुळे नळाच्या पाण्याचा अहवाल उत्तम असला तरी रहिवासी प्रत्यक्षात काय पितात ते त्यातून कळत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी मोजणीची आहे. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे हातात मावणारे यंत्र स्वस्त असते आणि त्यावरून खारेपणाचा चांगला अंदाज बांधता येतो. महापालिकेने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साहाय्याने किनाऱ्यापासून रेल्वेमार्गापर्यंत निवडक विहिरी ठरवून, निदान जानेवारी ते जून या काळात दरमहा त्यांची पातळी आणि खारेपणा मोजावा व ते आकडे विहिरीवरच्या फलकावर लिहावेत. ज्या विहिरीचा खारेपणा चढू लागेल, तिच्या परिसरात टँकर भरणे त्या हंगामापुरते थांबवावे. भूजलाच्या नियमनासाठी राज्यात 2009 चा कायदा आहेच. त्याचा उपयोग व्हायचा असेल तर हाताशी नोंदी हव्यात.

दुसरी मागणी बावखलांची. पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवणारी ही जुनी तळी भराव टाकून बुजवली जात आहेत, आणि बुजलेल्या प्रत्येक बावखलाबरोबर खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवणारा गोड्या पाण्याचा भार कमी होतो. जेथे 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे एवढे पाणी सरळ समुद्रात जाऊ देणे परवडणारे नाही. शिल्लक बावखलांची मोजणी करून ती विकास आराखड्यात जलसाठे म्हणून दाखवावीत. खासगी मालकीच्या बावखलांचा प्रश्न नाजूक आहे, कारण वाडी विकून मुलांची घरे उभी करणाऱ्या कुटुंबाला केवळ पर्यावरणाचे धडे देऊन भागणार नाही. बावखल राखणाऱ्याला मालमत्ता करात ठोस सवलत द्यावी आणि गाळ काढण्याचा खर्च महापालिकेने उचलावा.

निवडक विहिरींची यादी येत्या पावसाळ्यानंतर लगेच जाहीर झाली, तर जानेवारीत मोजणी सुरू करता येईल आणि मे महिन्यातील टँकरचे निर्णय त्या आकड्यांवर घेता येतील.

कळावे,
आपला,
एक वाचक, वसई (पश्चिम), जि. पालघर