बक्षीस राजपुत्राला, शिक्षा बहिणींना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीकथांच्या स्त्रीवादी पुनर्कथनांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला. पण लेखाचा सगळा भर राजकन्येच्या हाती तलवार आली यावर, आणि सोबतच्या चित्रातही तलवारच. परीकथेतली खरी ताकद तलवारीत नसते, रूप पालटण्यात असते. कोणाचं रूप पालटतं आणि कशाबद्दल, हे लेखात कुठेच आलं नाही.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ घ्या, ब्यूटी नावाची मुलगी आणि शापित पशू यांची गोष्ट. मादाम द व्हिलन्यूव यांनी १७४० मध्ये लिहिलेली ही लांबलचक फ्रेंच कथा १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी छोटी केली. त्या पेशाने शिक्षिका, आणि ही कथा त्यांनी मुलींना वळण लावण्यासाठीच्या पुस्तकात घातली. शेवटी पशूचा राजपुत्र होतो, तेवढं सर्वांना ठाऊक असतं. पण ब्यूटीच्या दोन मत्सरी बहिणींचं काय होतं? परी त्यांना महालाच्या दाराशी दगडी पुतळे करून उभं करते. शुद्ध हरपत नाही बरं का. बहिणीचं सुख बघत उभं राहायचं, हीच शिक्षा. नऊ वर्षांच्या नातीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “आजी, नाकावर खाज आली तर त्या काय करतील?” मला उत्तर सुचलं नाही.

म्हणजे पुरुषाचं रूप पालटलं तर ते बक्षीस, बाईचं पालटलं तर सजा. अहल्येची शिळा आपल्याला नवी नाही. (वाल्मीकींकडे ती शिळा नाहीच, राखेत पडून राहिलेली, कोणाला न दिसणारी आहे. दगड नंतरच्यांनी केला.)

इंग्रज लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७९ च्या ‘द ब्लडी चेंबर’ या संग्रहात नेमका हाच हिशेब उलटा केला. त्यातल्या ‘द टायगर्स ब्राइड’मध्ये बाप पत्त्यांच्या डावात मुलीला हरतो. द्यूतसभा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. जिंकणारा वाघ आहे. माणसाचा मुखवटा, हातमोजे आणि भरमसाट अत्तर लावून वावरणारा. मुलीच्या दिमतीला तो चावीवर चालणारी बाहुली देतो. हुबेहूब मुलीसारखी दिसणारी, गालाला पावडर लावून देणारी. मुलीला घरी परतायची मोकळीक मिळते तेव्हा ती जात नाही. बाहुलीलाच चावी देऊन बापाकडे पाठवायचं ठरवते: लेकीचं काम ही करेल! पुनर्कथनांतल्या कितीतरी तलवारी मी या एका चावीवरून ओवाळून टाकीन.

शेवटी वाघ तिला चाटू लागतो. एकेक थर कातडी निघत जाते आणि खालून फर वर येते. कानातले हिरे, जे मुळात वाघाचे अश्रूच होते, पुन्हा पाणी होऊन खांद्यावरून ओघळतात आणि ती ते झटकून टाकते. शापही नाही, उःशापही नाही. वाघ वाघच राहतो. मग अक्राळविक्राळ कोण? मला विचाराल तर पत्ते पिसणारा बाप.

कार्टरबाईंवर स्त्रीवाद्यांनीही टीका केली आहे: चौकट जुनीच, मुलगी अखेर नराच्याच दालनात जाते. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही २००१ च्या ‘श्रेक’ या अ‍ॅनिमेशनपटात शाप सुटल्यावर राजकन्या फिओना सुंदर न होता हिरवी, जाडजूड ओग्रेस, म्हणजे राक्षसीणच, राहते आणि मुलं टाळ्या वाजवतात, त्याची वाट अशाच कथांनी मोकळी केली असं मला वाटतं. आपल्या लेखात श्रेकही नाही, याचं मात्र नवल वाटलं.

वाघाची गोष्टही नातीला सांगितली, अर्थात वयाला झेपेल तेवढीच. फर आल्याचं तिला फारसं विशेष वाटलं नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “आणि घरी बाहुली आलीय हे तिच्या बाबांना कळलं का गं?”

कथेत तेवढं सांगितलेलं नाही, म्हटलं.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा