आधी अट, मग किल्ला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं वाचून झाली. किल्ला, खंदक, धुक्यातलं जंगल, पांढरा घोडा, सगळं जागच्या जागी आहे आणि भाषाही तुला छान साधली आहे. तरी तिसरं प्रकरण संपतं तेव्हा पुढचं पान उलटायची घाई होत नाही. मला त्याचं कारण एकच दिसतं: तुझ्या गोष्टीत अजून कुणी कुणाला अट घातलेली नाही.

मध्ययुगीन युरोपातल्या अद्भुत प्रेमकथांची गोडी लोक ड्रॅगनमध्ये आणि बुरुजांमध्ये शोधतात. मूळ कथा वाचल्यास, तर ड्रॅगन थोडेच भेटतील. पानोपानी भेटतो तो शब्द, म्हणजे दिलेला, विसरलेला, मोडलेला शब्द.

बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीची इव्हेन नावाच्या योद्ध्याची कथा घे. जेमतेम सात हजार ओळींचं काव्य, पण आजच्या कादंबरीकाराने समोर ठेवून शिकावं असं. रानात एक झरा आहे. पाणी संगमरवराहून थंड, तरी उकळत असतं. झाडाला सोन्याचं भांडं टांगलंय. त्यातून शेजारच्या शिळेवर पाणी ओतलं की वादळ फुटतं, आणि ते शमलं की त्याच झाडावर पाखरं दाटीने बसून गाऊ लागतात. हे असं का होतं, याचा खुलासा कवी करत नाही. तूही करू नकोस. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात म्हातारा जादूगार दोन पानं जादूचे नियम समजावत बसतो, ती दोन पानं काढून टाक. काय केलं की काय होतं, एवढं वाचकाला कळलं की पुरे. का होतं हे सांगितलंस की त्या झऱ्याचा नळ होतो.

झऱ्याचा रखवालदार इव्हेनच्या हातून मरणाच्या दारी पोचतो आणि किल्ल्याकडे पळतो. इव्हेन पाठलाग करत दारात शिरतो. वरून लोखंडी दरवाजा सुटतो आणि खोगिराच्या मागून घोड्याचे दोन तुकडे करतो, इव्हेनच्या टाचांवरच्या, घोड्याला टोचायच्या आऱ्याही कापून नेतो. टाच वाचते, आऱ्या जातात. एवढ्या एका तपशिलावर तो किल्ला खरा वाटायला लागतो. तू किल्ल्याचं वर्णन दीड पान केलंस, पण त्याचा एकही भाग कुणाच्या अंगाला लागत नाही.

तो रखवालदार मरतो, आणि पुढे इव्हेन त्याच्याच विधवेशी, लोदीनशी लग्न करतो. मित्र म्हणतो, बायकोच्या पदराला धरून बसलास तर नाव बुडेल, चल शस्त्रस्पर्धांना. लोदीन जाऊ देते, पण वर्षाची मुदत घालून. संत जॉनच्या सणानंतर आठ दिवसांच्या आत परत यायचं, म्हणजे जुलै उजाडताना. सोबत ती अंगठी देते. ती घालणाऱ्याला कैद नाही, जखम नाही, पण जोवर त्याला आपल्या प्रियेची आठवण आहे तोवरच! इव्हेन जिंकत सुटतो आणि विसरतो. आठवतं तेव्हा अर्धा ऑगस्ट सरलेला असतो. भर दरबारात लोदीनची दासी येते, त्याला दगाबाज म्हणते आणि अंगठी काढून घेते. तो वेडा होऊन रानात जातो, नागडा फिरतो, कच्चं मांस खातो.

आता तुझी अंगठी बघ. पहिल्या प्रकरणात राजकन्या ती देते, नायक बोटात घालतो, बस्स. ती काय करते, कधी करायची थांबते, हे कुठेच नाही. ज्या वस्तूला अट नाही ती या कथांमध्ये नुसता दागिना ठरते.

अट घालण्यापेक्षा ती मोडायची कशी, हे जास्त कठीण. इथे मेल्युसीनची गोष्ट शिकवते. जाँ दारास या फ्रेंच लेखकाने ती १३९३ मध्ये बेरीच्या ड्यूकसाठी लिहून पुरी केली. मेल्युसीन रेमोंदँशी लग्न करते, ते शनिवारी मला बघायचं नाही या अटीवर. भावाने कान भरल्यावर तो तलवारीच्या टोकाने दाराला भोक पाडून बघतो. ती न्हाणीत बसलेली असते, कमरेखाली सापाचं शेपूट. पण कथा इथे तुटत नाही. तो गप्प राहतो आणि संसार चालू राहतो. पुढे त्यांचा एक मुलगा मठ जाळतो, आत दुसरा मुलगा जळतो, तेव्हा रागाच्या भरात रेमोंदँ तिला चारचौघांत नागीण म्हणतो. मग मात्र ती ड्रॅगन होऊन खिडकीतून उडून जाते. बघितलेलं एक वेळ पोटात घालता आलं, बोललेलं नाही. बेरीच्या ड्यूकच्या प्रार्थनापोथीतल्या मार्च महिन्याच्या चित्रात ल्युसिन्याँचा किल्ला आहे, आणि त्याच्या बुरुजावर सोनेरी ड्रॅगन उडतोय तो म्हणजे ही मेल्युसीन. तुला ड्रॅगन हवाच असेल तर असा आण, कुणाची तरी बायको असलेला.

आपल्याला हे परकं वाटू नये. शंतनूने गंगेला विचारायचं नाही हे कबूल केलं, सात मुलं गेली तरी तोंड उघडलं नाही, आठव्याला उघडलं. पुरूरव्याला उर्वशीने विवस्त्र दिसायची मनाई केली होती. गंधर्वांनी मेंढ्या चोरल्या आणि विजेच्या उजेडात तो तसाच दिसला. दोघांचीही चूक अशी, की त्यांच्या जागी आपणही तीच केली असती. अट मोडण्याचं खरं माप हेच. तुझा नायक अट मोडेल तेव्हा वाचकाने त्याला मूर्ख म्हणता कामा नये. मूर्ख म्हटलं की गोष्ट गेली.

बायकांबद्दल एक सांगायचंय. तुझी राजकन्या तीन प्रकरणं खिडकीत बसून आहे. क्रेतियँकडे सगळी सूत्रं ल्युनेत या दासीच्या हातात असतात. ती इव्हेनला लपवते, मालकिणीला लग्नाला राजी करते, शेवटी समेटही तीच घडवते. आणि वेड्या इव्हेनला मलम लावणारी ती दुसरी मुलगी! मालकिणीने बजावलेलं असतं, फक्त कानशिलांना लाव, बाकीचं परत आण. ही सगळी डबी त्याच्या अंगभर चोळते, रिकामी डबी नदीत फेकते आणि घरी येऊन सांगते, घोडा अडखळला, डबी पडली. प्रेमकथेच्या मधोमध मलमाच्या डबीची ही लबाडी! अशी माणसं तुझ्या किल्ल्यात दिसू देत.

आता बारीकसारीक. तू काळ बाराव्या शतकाचा धरलास आणि नायकाला पोलादी पत्र्याचं अखंड चिलखत चढवलंस. ते पंधराव्या शतकातलं, वीस-पंचवीस किलोचं. तुझ्या काळात लोखंडी कड्यांचा झगा, साधारण दहा-पंधरा किलोचा, आणि त्याचा भार खांद्यांवर येतो म्हणून कमरेला पट्टा आवळायचा. चिलखत घालून माणूस आपला आपण घोड्यावर चढतो, त्याला उचलून बसवावं लागत नाही. एकाच घोड्यावर दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या पुढे नेऊ नकोस, रानात त्याच्याही निम्मं. मेजवानीतले बटाटे काढ. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची हे सगळं १४९२ नंतर अमेरिकेतून आलं. तिखट म्हणून मिरी चालेल. मलबारची मिरी श्रीमंतांच्या ताटात होतीच. ताटही शिळ्या पावाच्या जाड कापाचं, काटा नाही, सुरी आणि बोटं. रात्री दिवाणखाना लख्ख उजळवू नकोस. मेणाच्या वाती महाग, चरबीच्या धुरकट, त्यामुळे चेहरे अर्धे अंधारातच.

आणि हे मराठीत शोभेल का, असं तू विचारलंस. अरे, आपल्या या वाङ्मयप्रकाराचं ‘कादंबरी’ हे नावच बाणभट्टाच्या त्याच नावाच्या अद्भुत प्रेमकथेवरून पडलंय, आणि १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ याच जातीच्या. घराणं जुनं आहे, तू निर्धास्त लिही.

आधी अंगठीचं प्रकरण नव्याने लिही, बाकीच्याला हात लावू नकोस. राजकन्येच्या तोंडी अट एकाच वाक्यात घाल, मुदतीला सणाचा दिवस दे, आणि नायक ‘हो’ म्हणतो तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे असू दे. तेवढं झालं की पाठव.

तुझा मित्र