थर्मोस्टॅट काढलात, पाइप मुरगळून बसवलात आणि आता गिअरबॉक्स उतरवायला सांगता!

दि. १२ जानेवारी

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
नागपूर वर्कशॉप

विषय : जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचे चुकीचे काम व गिअरबॉक्सचे अवाजवी एस्टिमेट

महोदय,

माझा ठिबकच्या सामानाचा धंदा आहे. गाडी तेरा वर्षांची, पण ऑटोमॅटिक. नाक्यावरचे मिस्त्री तिला हात लावायला कचरतात, म्हणूनच दुप्पट मजुरी मोजून तुमच्याकडे येतो.

मे महिन्यात नळ्या भरून सिवनीला जाताना कुरई घाटात गाडीने ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवणारा सर्वात वरचा गिअर सोडला, ओ/डी (ओव्हरड्राइव्ह) ऑफचा दिवा लुकलुकायला लागला आणि जळक्या तेलाचा वास आला. रेडिएटर चोंदलाय, हे तुमचं निदान बरोबर होतं. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्याच टाकीतल्या कूलरमधून फिरून थंड होतं, त्यामुळे रेडिएटर बदलायला माझी हरकत नव्हती. नवा रेडिएटर, नवं तेल, मजुरी असे २३,४०० रुपये मी त्याच दिवशी भरले. जूनमध्ये गिअरबॉक्स पुन्हा तापतोय म्हणून आलो, तर काउंटरवरून उत्तर मिळालं, "नागपूरचं ऊन आहे साहेब."

डिसेंबरात काय सांगणार होतात? पहाटे काटोलकडे निघालो की थेट काटोल येईपर्यंत ओव्हरड्राइव्ह पडायचा नाही. ताशी ८० ला इंजिनच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर आणि डिझेल पाण्यासारखं. दुपारी परतताना कधी पडायचा, कधी नाही. तुमच्या लोकांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली, तपासणीचे १,८०० घेतले आणि हातात कागद दिला : गिअरबॉक्स ओव्हरहॉल, १,६५,००० रुपये. कोणती चाचणी केली, ते त्या कागदावर कुठेच नाही.

मग वाडीतल्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्कॅनर लावून मला शेजारी बसवलं आणि गाडी अमरावती रोडवर पिटाळली. वीस मिनिटांनीही इंजिनच्या पाण्याचं तापमान ५१ अंश! ते ८० च्या वर हवं. "भाऊ, इंजिन गरमच नाही होऊन राहिलं, तर कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह देईल कसा?" परत येऊन त्याने थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे तो बसतो ते घर उघडलं. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा थर्मोस्टॅटच आत नव्हता. हे हाउसिंग मे महिन्यात तुमच्याकडे उघडलं होतं, त्यानंतर कुणीही नाही. बिलात त्याचा उल्लेख नाही, मला कुणी विचारलंही नाही. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची जुनी खोड मलाही माहीत आहे, पण कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला ती कशी चालेल?

त्याने मग कूलरमधून परत येणारा पाइप सोडून बाटलीत धरला आणि इंजिन चालू केलं. अर्ध्या मिनिटात लिटरभर तेल यायला हवं. आली ती सुतळीएवढी धार, तीही लाल नाही, उकळलेल्या चहाच्या रंगाची. कारण रेडिएटरमागेच सापडलं. नवा रेडिएटर बसवताना तुम्ही रबरी पाइप असा मुरगळून क्लिप मारली होती, की तो चरकातून निघालेल्या उसासारखा चपटा झाला होता.

म्हणजे इंजिन गार आणि गिअरबॉक्स तापलेला. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो तो कन्व्हर्टर; पाणी गार म्हणून त्याला थेट जोडून धरणारं लॉक-अपही लागत नव्हतं. ते लागलं नाही की कन्व्हर्टर आत घसरत राहतो आणि तेल आणखी तापतं. त्यात थंड होण्याची वाट तुम्हीच आवळलेली. थर्मोस्टॅट आणि पाइप मिळून २,९०० लागले, तेल वेगळं. आता घरापासून चार-पाच किलोमीटरवर ओव्हरड्राइव्ह पडतो, दिवा लुकलुकत नाही.

माझी मागणी अशी : तपासणीचे १,८००, मे महिन्यातल्या तेलाचे आणि मजुरीचे पैसे, वर हे २,९०० परत करा. माझा थर्मोस्टॅट कुठे गेला आणि १,६५,००० चं एस्टिमेट कशाच्या आधारावर दिलं, ते लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगात जाईन.

चपटा पाइप आणि बाटलीतलं तेल मी जपून ठेवलं आहे. तुमच्या माणसाला बघायचं असेल तर त्याने दुकानात यावं, चहा पाजीन. पाइप मात्र नेऊ देणार नाही.

आपला,
गाडीमालक
हिंगणा रोड, नागपूर

सोबत : दोन्ही बिलं आणि एस्टिमेटची झेरॉक्स