महाबलीपुरमच्या त्या तिघांचे आभार

लेणी पाहून पंचरथ मंदिरांकडे जाताना आईला भोवळ आली. सोलापूरच्या उन्हात आयुष्य गेलंय तिचं, पण समुद्राकाठचा दमट उकाडा वेगळाच. रस्त्याकडेच्या एका पाथरवटदादांनी छिन्नी-हातोडी खाली ठेवली, दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले हात पुसले आणि तिला मांडवात टेकवलं. शेजारच्या ताईंनी ताक आणलं. त्या दादांना थोडं तेलुगू येत होतं. आपल्याच सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका पद्मशाली मावशी सहलीला आलेल्या, त्यांनी मध्ये बोलून सगळं निभावून नेलं. संध्याकाळी आईने पल्लवांच्या त्या विशाल कातळशिल्पातलं तपाला उभं राहिलेलं मांजर डोळे भरून पाहिलं. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मावशी, घरी नक्की या, आई शेंगाची चटणी कुटणार आहे.