अण्णा, रेलवाली मशीन घेऊ दिली नाहीत, त्याबद्दल

तीर्थस्वरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा टाकायला सांगता आणि विषय संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. घरी केलेल्या फ्रेमा बघून लोक एवढंच विचारतात, "मशीन कुठली घेतलीस?" साधी दहा इंची माइटर सॉ (लाकूड हव्या त्या कोनात कापायची मशीन), म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. साधी का, हे सांगायला लागले की तुमचं नाव निघतं. त्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं.

माझं बजेट ठरलेलं होतं आणि त्यात दोन गोष्टी बसत होत्या. एक, नामांकित कंपनीची रेल नसलेली मशीन, म्हणजे वरून पातं खाली येतं, कापतं, वर जातं, बस्स. दुसरी, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची, पातं रेलवर पुढेमागे सरकणारी, वर लेझर, खाली एलईडी. पैसे जवळपास सारखेच. दुकानदार अर्थातच दुसरीकडे बोट दाखवत होता. रेलवाली मशीन एका घावात बारा इंचांपर्यंत फळी कापते, साधी जेमतेम पाच इंच; पंचेचाळीस अंशाला लावली तर साडेतीन. कागदावर सामना एकतर्फीच होता.

तुम्ही कागद वाचलाच नाहीत. दोन्ही मशीन काउंटरवर ठेवायला लावल्यात. प्लग काढलेला आहे ना हे स्वतः बघितलंत, मग रेलवालीचं डोकं पूर्ण बाहेर ओढून अर्ध्यावर दाबलंत आणि मूठ दोन बोटांनी डावीउजवीकडे हलवलीत. मला म्हणालात, "पात्याकडं बघू नकोस, दाताच्या टोकाकडं बघ." दात हलत होता. खूप नाही, पण डोळ्याला दिसेल इतका. साध्या मशीनचं तसंच केलंत, तर तिचं पातं बिजागरीवर गच्च. "रेल चांगली पायजे तर तिला पैसा लागतोय," तुम्ही म्हणालात, "ह्या किमतीत रेल दिली म्हंजे कुठनं तरी काढून घेतलंय की त्यांनी." दुकानदार गप्प. लेझरचा विषय त्याने काढला तेव्हा तुम्ही खिशातली पेन्सिल दाखवलीत, एवढंच.

आयुष्यभर उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागांचे नमुने, बनवलेल्या माणसाला हे बोलण्याचा अधिकार आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न फुटामागे सुमारे एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठा करायचा, त्यासाठी मापाची पट्टीच वेगळी, हे मला तुमच्याकडून कळलं. आमच्याकडे "सूतभर इकडे तिकडे चालतंय" म्हणतात, तुमच्याकडे त्या सुताचा हिशोब ठेवून भाकरी मिळवली जायची.

पण मला खरं पटलं ते घरी आल्यावर तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला मांडलेल्या गणितामुळे. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ कट. प्रत्येक कट पाव अंशच चुकला, तोही एकाच बाजूला, तर तीन कोपरे गच्च बसवल्यावर चौथ्यात दोन अंश उघडे पडतात. दोन इंची पट्टीवर ती फट अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. पाव अंश म्हणजे काय, तर तुमच्या दोन बोटांनी हलला तो दात. फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून ती फट बुजवता येते, आणि बुजवलेली दिसतेही.

मशीन आल्यावर तपासायची रीतही तुम्हीच दाखवलीत. एक रुंद, सरळ कडांची पट्टी घ्यायची, मधून काटकोनात कापायची, एक तुकडा उलटा करून दोन्ही परत टोकाला टोक लावायचे, खाली सरळ कड टेकवून. कट बरोबर असेल तर उजेड दिसत नाही. चुकला असेल तर फट दुप्पट होऊन समोर येते. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून जी चूक डोळ्यातून निसटेल ती अशी पकडली जाते. माझ्या नव्याकोऱ्या मशीनचं फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची मागची सरळ कड, किंचित तिरकं निघालं. मी बदलून आणायला निघाले होते. तुम्ही ॲलन की मागितलीत, बोल्ट सैल केलेत, गुण्या पात्याच्या अंगाला लावलात (दातांना नाही, दात अंगापेक्षा बाहेर आलेले असतात), फेन्स त्याला भिडवून परत आवळलंत. म्हणालात, नवीन आहे म्हणून सरळ असेल असं धरायचं नाही.

बजेटातल्या उरलेल्या पैशांचं पातं घ्यायला लावलंत, हा दुसरा उपकार. मशीनसोबत आलेलं पातं मोजक्या दातांचं होतं, बांधकामाच्या लाकडाला ठीक. सागवानाच्या पट्टीचा खालचा काठ त्याने उचकटला असता. साठ दातांचं कार्बाइडचं पातं लावलं आणि कटावर बोट फिरवलं तर पॉलिश पेपर मारल्यासारखं लागलं. घेताना भोकाचं माप बघायला तुम्ही बजावलं होतं, कारण दहा इंची पाती २५.४ मिमीच्या भोकाचीही येतात आणि ३० मिमीच्याही. दातांचा कल शून्य किंवा उणे, म्हणजे दात सरळ किंवा किंचित मागे झुकलेले, असलेलं मागायला सांगितलंत. जास्त पुढे झुकलेले दात या मशीनवर लाकडात घुसू पाहतात आणि पट्टी उचलतात. दुकानातल्या पोराला हे "उणे" माहीत नव्हतं, पात्यावर छापलेलं मीच वाचून घेतलं.

विजेचं मात्र मला स्वतःला सुचलं, ते श्रेय तुम्हाला देत नाही. मकिता, बॉश, डिवॉल्ट यांच्या साध्या दहा इंची मशीन १६५०-१७०० वॉटच्या घरात असतात. २३० व्होल्टला भागलं की सात अँपिअरच्या वर जातं, चालू होतानाचा झटका वेगळाच. गॅलरीतला सॉकेट सहाचा. म्हणून वायरमनकडून सोळा अँपिअरचा पॉइंट घेतला. त्याला वाटलं गिझर बसवतेय.

सुट्या भागांचा तुमचा प्रश्न दुकानात विचारायला मला लाज वाटली होती: "कार्बन मिळतंय काय? स्विच? आर्मेचर?" बिननावाच्या मशीनबद्दल उत्तर आलं, "पूर्ण मशीनच बदलून देतो." किती वर्षं देणार, हे तुम्ही विचारलंत तेव्हा तो फोन घ्यायला आत गेला.

आणि हात. गोल सॉ, मार्बल कटरला लाकडाचं पातं, ग्राइंडरला लाकडाचं पातं, हे सगळं आपल्याकडे सर्रास चालतं आणि बोटं जातात. तुम्ही पहिल्या दिवशी मशीन चालू न करता नुसती वरखाली करायला लावलीत, ओढणी खुंटीला, बांगड्या डब्यात. हात पात्यापासून वीतभर लांब. कट झाला की बटण सोडायचं, पातं पूर्ण थांबेपर्यंत खालीच धरायचं, मगच वर. बोटभर तुकडा हाताने धरून कापायचाच नाही, क्लॅम्प. मला तेव्हा हा पोरखेळ वाटला, पण आता पातं थांबायची वाट बघणं अंगवळणी पडलंय. कानाला मफ लावा म्हणून मी तुम्हाला सांगते ते मात्र तुम्ही ऐकत नाही. शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असतो अण्णा, चाळीस वर्षं फाउंड्री ऐकलेल्या कानांनासुद्धा.

रुंद फळीचं काय, असं मला विचारतात. शेल्फच्या दहा इंची फळ्या मी प्लायच्या दुकानातूनच कापून आणते, त्यांच्या मोठ्या मशीनवर, मापाचा कागद देऊन. माझ्या मशीनवर फक्त पट्ट्या, बिडिंग, पाय आणि चौकटी. वर्षभरात बारा इंची फळी कापायची वेळ आलेली नाही.

काकूंना तुळशीपुढे अष्टकोनी पाट हवाय, असं कळलं. साडेबावीस अंशाची खाच मशीनला तयार आहे, पण सोळा कट म्हटल्यावर तुमचं गणित आठवून धीर होत नाही. लाकूड मी आणलंय. रविवारी सकाळी गुण्या घेऊन वर या, मफ मी दोन घेऊन ठेवलेत.

आपली,
पहिल्या मजल्यावरची