प्रदर्शनात पुडा उलटा करून बघ

परभणी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तिथल्या पोषण आहार प्रदर्शनाला तू आणि श्रुती जाणार आहात, तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. दुपारनंतर गर्दी होते आणि कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या टेबलावरच्या माणसांना बोलायला फुरसत राहत नाही. विचारण्यासारखं तिथंच असतं. लाडू-कुकीजचे स्टॉल कुठं पळून जात नाहीत.

कुठलाही पुडा हातात घेतलास की पुढचं चित्र सोड, मागची बाजू वाच. अक्षर बारीक असेल तर मोबाईलचा कॅमेरा लाव. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. ‘ज्वारी बिस्किट’ म्हणायचं आणि यादीत पहिला मैदा, ज्वारी चौथी, तर ते मैद्याचंच बिस्किट. साखरेत आणखी एक मेख असते. गूळ, मध, ग्लुकोज सिरप, खजुराचा गर असं वेगवेगळं लिहिलं की एकेक नाव यादीत खाली सरकतं. सगळं मिळून मात्र पिठाच्या बरोबरीला येऊ शकतं. म्हणून साखरेचा आकडा बघ, तोही नेहमी १०० ग्रॅमचा, ‘प्रति सर्व्हिंग’चा नको. सर्व्हिंग १५ ग्रॅमची धरली की सगळंच थोडं दिसतं. इन्स्टंट मिक्स, पापड, चिवडा घेताना सोडियम बघ आणि त्याला अडीचनं गुण, म्हणजे मीठ कळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा आहे ५ ग्रॅम.

बचत गटाच्या बायकांना मात्र तोंडानं विचार: पीठ कधी दळलं? बाजरीचं असेल तर हा प्रश्न सोडूच नको. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो. दळल्यावर दाण्यातलीच विकरं (एन्झाइम) त्यावर काम सुरू करतात आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट लागायला लागतं. दळल्याची तारीख सांगता आली नाही तर अख्खी बाजरी घे, गिरणी तुझ्या गल्लीतच आहे.

ज्वारीचं वाण विचार. ‘परभणी शक्ती’ हे आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं २०१८चं वाण. किलोमागं लोह ४२ मिलिग्रॅमच्या आसपास, जस्त ३२. नेहमीच्या वाणांत लोह ३० च्या आसपास असतं. बाजरीत ‘एएचबी १२०० एफई’मध्ये लोह ७३ पर्यंत जातं. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो शिक्काही कुठंतरी दिसेल. तो ज्वारी कुठली ते सांगतो, लोहाचं काही सांगत नाही. चवीसाठी जरूर घे.

आता हिशेब कर. ‘परभणी शक्ती’च्या ७० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून जेमतेम ३ मिलिग्रॅम लोह मिळतं आणि तुझ्या वयाच्या मुलीची रोजची गरज २९ धरलेली आहे. शिवाय धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्यातलं बरंच लोह अडवून ठेवतं. म्हणून भाकरीबरोबर डाळ-पालेभाजी हवीच, वर लिंबू पिळ नाहीतर पेरू खा, आणि चहा जेवणानंतर तासभर लांब ठेव. ‘एक भाकरी, रक्तवाढ हमखास’ असा फलक दिसला तर पुढं चाल.

सोयाबीनचं पीठ दिसेलच, लातूर-नांदेडकडं त्याला तोटा नाही. ते कसं केलंय हे विचारल्याशिवाय घेऊ नको. कच्चं दळलेलं सोयाबीन प्रथिनं पचू देत नाही, पोट फुगतं. रीत अशी: पाणी आधी खळखळ उकळायचं, मग एका किलोला तीन लिटरच्या हिशेबानं सोयाबीन टाकायचं, २० ते २५ मिनिटं उकळून निथळायचं आणि उन्हात कडक वाळवायचं. गार पाण्यात टाकून तापवत बसलं तर उग्र वास बसतो. ओलसर राहिलं तर पिठाला बुरशी लागते. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे.

कुणी मोड आलेल्या ज्वारीची कच्ची कोशिंबीर चाखायला दिली तर खाऊ नको. मुगा-मटकीचं ठीक आहे. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारा घटक असतो. कोवळ्या ज्वारीनं जनावरांना विषबाधा होते ती यामुळंच. मोडाचं सत्त्व करताना वाळवून, कोंब चोळून काढून, भाजूनच दळतात.

रक्त-वजन तपासणीच्या टेबलावर जाण्याआधी हात साबणानं धू. गुळाचा लाडू चाखलेल्या बोटाची साखर यंत्र जास्तच दाखवणार. हिमोग्लोबिनसाठी बोट फार पिळू देऊ नको, रक्तात पेशींमधलं पाणी मिसळून आकडा खाली येतो. १२ च्या खाली आला तर दवाखान्यात नीट तपासून घे, तिथंच गोळ्या विकत घेऊ नको. चरबी मोजणारं यंत्र अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, त्यामुळं जेवून किंवा भरपूर पाणी पिऊन उभी राहिलीस तर आकडा हलतो. त्याच टेबलावर प्रोटीन पावडर मांडलेली असली तर डब्याची किंमत भागिले त्यातली एकूण प्रथिनं, एवढं गणित कर. मग फुटाण्यांचं तेच कर. १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात.

आणायचंच झालं तर दोन किलो ज्वारी, अर्धा किलो जवस आणि घाण्याचं करडईचं तेल एक लिटर. तेल फोडणीला वापर. तळून उरलेलं पुन्हा पुन्हा तापवू नकोस. नाचणी आपल्याकडची नाही, महाग पडेल, पण १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं म्हणून अर्धा किलो चालेल. जवस मंद भाजून, थोडा थोडाच कुटून ठेव, कूट लवकर खवट होतो. पुढच्या शनिवारी बाबा येतायत, त्यांच्याबरोबर येसर आणि कारळाची चटणी पाठवते, त्यामुळं चटण्यांच्या स्टॉलवर पैसे घालू नको.

तुझी,
आई